मधली चार पानं

१

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ हातून नीट पडत नाहीत आणि मोठे शब्द मला येत नाहीत. जे येतात ते पुस्तकांच्या कण्यावर सोनेरी अक्षरं ठोकताना हाताखालून गेलेले, अर्थ न विचारता. कागदही धड नाही. चष्म्याचा नंबर लिहून द्यायच्या छोट्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे, मांडीवर ठेवून. खाली बघून लिहिता येत नाही, त्यामुळे ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सांभाळून घ्या.

मी वाचनालयात पुस्तकं बांधतो. मागच्या बाजूला माझी खोली आहे. एक टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं आणि एक खिडकी, जी शेजारच्या भिंतीकडे उघडते. मोडकं पुस्तक आलं की पुठ्ठा सोडवायचा, जुना दोरा कापायचा आणि फॉर्मे सुटे करायचे. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून केलेला सोळा पानांचा जुडगा. घडीच्या मधोमध सुई घालून असे दहा-पंधरा फॉर्मे एकमेकांना शिवले की पुस्तक तयार. ज्या म्हाताऱ्या बांधणीकाराने मला शिकवलं तो म्हणायचा, वाचता आलं नाही तरी चालेल, मोजता आलं पाहिजे. शिवायच्या आधी मोजायचं आणि शिवल्यावर मोजायचं. मी मोजण्यात कधी चुकलो नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे लागेल म्हणून सांगतो.

२

वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी दुपारी चार वाजता आम्ही एका पुस्तकावर बोलायला जमायचो. गट बाईंचा. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. उशिरा येणाऱ्याला अजून दारात उभं करायच्या. दुसरे शिंपीकाका, कोपऱ्यावरच्या माडीवर मशीन चालवणारे. तिसरी समोरच्या चष्म्याच्या दुकानातली. तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. वडिलांमागे दुकान एकटीने चालवायची, काचा स्वतः घासून फ्रेमीत बसवायची. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. माझ्या वयाच्या दुसऱ्या कुणी तिला ताई म्हटलं असतं. मी दोन वर्षांत तिला कशानेच हाक मारली नाही.

चौथा मी. काका मला डिंक्या म्हणायचे, मग सगळेच म्हणू लागले.

पुस्तक निवडायची रीत अशी होती. प्रत्येकाने आपल्या मनातलं पुस्तक टेबलावर ठेवायचं. काका आपल्या डब्यातून प्रत्येकाला एक बटण द्यायचे. मग सगळ्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारायची आणि ज्या पुस्तकावर बोलावंसं वाटेल त्यावर बटण ठेवायचं. स्वतःच्या पुस्तकावर ठेवायचं नाही. बाईंची अट एकच. पुस्तक डोक्याला काम देणारं हवं. "ज्यावर आपलं सगळ्यांचं एकमत होईल ते घरी वाचा," त्या म्हणायच्या, "इथे भांडण लावणारं आणा."

निवडलेल्या पुस्तकाची वाचनालयात एकच प्रत असायची. ती आधी माझ्या टेबलावर यायची. चार हातांतून फिरणार म्हणून मी ती पक्की करून द्यायचो. मग एकेक आठवडा प्रत्येकाकडे, आणि शेवटी माझ्याकडे, कारण मला वाचायला वेळ लागतो.

मी दर महिन्याला एकच पुस्तक ठेवायचो. विहीर खणणाऱ्या दोन भावांची गोष्ट. पाणी लागत नाही, तरी धाकटा खणतच राहतो आणि थोरला वरून दोर धरून असतो. थोरल्याने दोर सोडावा की नाही, यावर मला बोलायचं होतं. खूप काही बोलायचं होतं. पण त्या पुस्तकावर कधी बटण पडलं नाही. एकदाच पडलं, काळं, चार भोकांचं. ते तिने ठेवलं होतं. "डिंक्या इतका हट्टाने आणतो तर असेल काहीतरी," ती म्हणाली. त्या महिन्यात निवड दुसऱ्याच पुस्तकाची झाली, पण ते बटण मी काकांना परत दिलं नाही. अजून खिशात आहे.

३

पाहुणा आला तो एका रविवारी, आम्ही टेबलाभोवती फेरी मारत असताना. बाईंनी त्याला दारात उभंही केलं नाही. मला तेच पहिल्यांदा खटकलं.

दिसायला अगदी साधा माणूस. चाळिशीचा असेल, नाहीतर साठीचा. कपडे स्वच्छ. बोलायचा कमी, पण समोरचा बोलत असताना असं ऐकायचा की समोरच्याला वाटावं, आपण कुणीतरी आहोत. तो वाचनालयाचं पुस्तक घेत नसे. स्वतःचं आणायचा, तपकिरी कागदात गुंडाळलेलं. त्या दिवशी त्याने ते टेबलावर ठेवलं, आणि उरलेली सगळी बटणं त्याच्यावर गेली. तिचंही. तिने ते ठेवलं आणि वर दोन बोटांनी हलकेच दाबलं, जसं एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसं.

माझ्या पुस्तकाकडे तिने पाहिलंही नाही. मी दोन वर्षं तोंडात मूग धरून बसलो होतो, आणि हा बाबा एका दुपारीत आतला होऊन गेला. त्याने तिला विचारलं, काच घासताना डोळे मिटून बोटांनी समजतं का हो? ती हसून सांगतच सुटली. हा प्रश्न माझा होता. दोन वर्षं मी तो मनात घोळवत होतो.

घरी ताईला मी हे सांगितलं. ताई माझी मोठी बहीण; आईवडिलांनंतर तिनेच मला वाढवलं. ती माझ्या शर्टाच्या कॉलरला ठिगळ लावत होती. म्हणाली, "तुझं पोट दुखतंय, बाकी काही नाही. उद्या जा आणि सरळ बोल तिच्याशी." मी गेलो नाही.

४

त्याचं पुस्तक माझ्या टेबलावर आलं. बांधणी सुरेख होती, माझ्यापेक्षा चांगली. तरी रीत म्हणून मोजलं. चौदा फॉर्मे हवेत, पंधरा निघाले.

पान सत्त्याण्णव ते एकशे बारा हा फॉर्मा दोनदा होता. हे छापखान्यात होतं. जुळणी करणाऱ्याच्या हातून एखादा जुडगा दुबार जातो. पण दुबार फॉर्मा म्हणजे तेच छापलेलं दोनदा. हे तेच नव्हतं. आकडे तेच, टाइप तोच, मजकूर वेगळा.

मी चार ओळी वाचल्या. माडीवरची खोली. खिडकीशी शिलाई मशीन. गळ्यात टेप टाकलेला माणूस मशीनला कुशीत घेतल्यासारखा बाजूने बसला आहे. पाय पेडलवर, पण पाय हलत नाही. तो जिन्यावरची पावलं ऐकतो आहे.

मी स्वतःला समजावलं, दुसऱ्या कुठल्या पुस्तकातला फॉर्मा असेल, शिंपी काय एकच असतो? दुसऱ्याचं पुस्तक, त्यातून पानं काढायचा मला अधिकार नव्हता. मी ते तसंच काकांकडे दिलं. वाचायचा पहिला नंबर त्यांचा.

त्या महिन्याच्या बैठकीत काका तासभर बोलले. एरवी पुस्तकाची टर उडवणारा माणूस. ते आपल्या बायकोबद्दल बोलले, जी कधीच गेली. ती चहा घेऊन जिना चढायची, तेव्हा चौथ्या पायरीवर तिचं पाऊल कसं अडखळायचं त्याबद्दल. कुणी मध्ये बोललं नाही. भांडण तर नाहीच. शेवटी बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "याला म्हणतात निवड." आणि चष्मेवालीने पाहुण्याकडे असं पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बैठकीआधीच पुस्तक फिरत फिरत माझ्याकडे आलं होतं. मी मोजलं. चौदा फॉर्मे. एक फॉर्मा काढला तर दोरा सैल पडतो, कण्याला खळगा पडतो. इथे काही नव्हतं. घट्ट बांधलेलं, चौदाचंच पुस्तक.

मी तीनदा मोजलं. मग म्हटलं, पहिल्यांदाच चुकलो असेन.

५

पुढच्या बैठकीला काका आले नाहीत. बटणांचा डबा त्यांनी सुनेच्या हाती पाठवला. दुसऱ्या दिवशी मी शर्ट आखूड करायच्या निमित्ताने माडी चढलो.

ते मशीनपाशी बाजूने बसले होते. गळ्यात टेप. पाय पेडलवर, न हलणारा. माझ्या पावलांनी त्यांचा चेहरा उजळला, मग मी दिसल्यावर तसाच उजळलेला राहिला, फक्त माझ्यासाठी नाही.

मी म्हटलं, "काका, बैठकीला आला नाहीत."

"ती येतेच आहे," काका म्हणाले.

मी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. तो तिथेच राहिला. सून पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांच्या ओठांना लावला, ते प्यायले. ती हळू आवाजात मला सांगत होती, कुठे दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत. उठत तेवढे नाहीत. पण भाऊ, इतकं खूश त्यांना मी कधी पाहिलं नाही.

जिना उतरताना चौथ्या पायरीवर माझा पाय अडखळला. ती पायरी बाकीच्यांहून बोटभर उंच आहे. वरून काकांचा आवाज आला, अगदी प्रेमाने. "सावकाश गं."

भीती वाटली, नाही असं नाही. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते लिहायची लाज वाटते. मला वाटलं, काकांसाठी कुणीतरी सोळा पानं लिहिली. माझ्यासाठी कुणी आजवर एक ओळ लिहिली नाही.

६

दुसऱ्या खेपेलाही पाहुण्याचंच पुस्तक निवडलं गेलं. तेरा फॉर्मे हवेत, चौदा होते. सत्त्याण्णव ते एकशे बारा. या वेळी रिकामा वर्ग, बाक, टेबलावर हजेरीचं पुस्तक. एक बाई नावं घेते आणि प्रत्येक नावानंतर थांबून ऐकते. एवढंच मी वाचलं. काकांनंतर आता पहिला नंबर बाईंचा होता. मी पुस्तक त्यांच्या दारात नेऊन दिलं. तोंड उघडलं, पण म्हणालो काय तर, कण्याला जपा.

महिना सरल्यावर बाई शेवटच्या बैठकीला आल्या आणि तासभर बोलल्या. त्यानंतर घरी. त्यांची भाची सांगते, मावशी सकाळपासून नावं घेते. मी खिडकीतून पाहिलं. एक नाव घ्यायच्या, थांबायच्या आणि मान डोलवायच्या. म्हणजे उत्तर येत होतं.

पुस्तक परत आलं तेव्हा तेरा.

माझी बुद्धी मला सांगत होती की माणसं म्हातारी होतात, एकटी असतात, मनाने मागे जातात. त्यात पुस्तकाचा काय दोष? आणि फॉर्मे? फॉर्म्यांबद्दल बुद्धी गप्प बसायची.

७

आता उरलो तिघं. काकांच्या डब्यातून तिनेच बटणं काढून वाटली. तिने आपलं पाहुण्याच्या पुस्तकावर ठेवलं. मी तिच्यावर, म्हणजे तिच्या पुस्तकावर. पाहुण्याने आपलं बटण बराच वेळ हातात फिरवलं आणि माझ्या विहिरीवर ठेवलं. मला ते भीक घातल्यासारखं लागलं.

प्रत्येकाला एकेक. ती म्हणाली, "डिंक्या, रागावू नकोस, तुझं पुढच्या महिन्यात नक्की. हे आता मला वाचायचंच आहे." मी मान हलवली.

पुस्तक माझ्या टेबलावर आलं. मोजायची गरज नव्हती. हातात घेतल्यावर कळलं. तो फॉर्मा मी सोडवला आणि या वेळी वाचत गेलो, बोट ठेवून, एकेक शब्द.

चष्म्याचं दुकान. शटर अर्धं खाली. काचांचा ट्रे. तिचे हात. तिच्या हातांबद्दल मला जे जे कधी सांगता आलं नसतं ते सगळं तिथे होतं. काच घासून झाल्यावर ती अंगठा हनुवटीला पुसते, हेसुद्धा. मला वाटायचं, हे फक्त मी पाहिलंय. पान एकशे दोनच्या शेवटी ती एक काच उजेडाकडे धरते आणि म्हणते, अजून एक जण यायचा आहे.

एकशे तीनवर आलो. पहिली ओळ होती: तो आला, आणि तिने आपली खुर्ची सरकवून त्याला शेजारी जागा दिली.

तिथे मी थांबलो. डोळ्यांपुढे पाहुणा उभा राहिला, त्याचं ते ऐकणं, त्याचे ते स्वच्छ कपडे. पुढे वाचवलंच नाही.

यानंतर मी जे केलं ते शुद्धीवर असताना केलं. सोळा पानांच्या फॉर्म्यात मधला कागद एकशे तीन ते एकशे सहा या पानांचा असतो. दोरा कापल्यावर तो आपसूक निसटतो. तो मी काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या पानांबरोबर तो माणूस तिच्या शेजारून गेला. उरलेली बारा पानं मी माझ्या विहिरीच्या पुस्तकात शिवली, माझ्या दोऱ्याने, माझ्या गाठीने. मला वाटलं, जी पानं वाचून काका आणि बाई तासभर बोलले, तीच तिने माझ्या पुस्तकात वाचावी. तिने बोलावं, आणि म्हणावं, याला म्हणतात निवड.

काका आणि बाई आठवले नाहीत का? आठवले. पण महिनाभर घाबरलेली माझी बुद्धी त्या दुपारी एकदम शहाणी झाली होती. ती म्हणाली, ते दोघं म्हातारे होते रे. ही तरुण आहे.

मी रस्ता ओलांडून गेलो आणि तिला सांगितलं की पाहुण्यांच्या पुस्तकाचा कणा तुटलाय, तीन आठवडे दाबात ठेवावं लागेल, तोवर माझं वाचा. दोन वर्षांत तिच्याशी बोललेलं ते माझं सगळ्यात लांब वाक्य, आणि ते खोटं.

"बघ," ती हसली, "शेवटी लावलंस मला तुझ्या विहिरीला." पुस्तक तिने ट्रेशेजारी ठेवलं. अंगठा हनुवटीला पुसला.

८

बैठकीला आम्ही तिघंच होतो. टेबल मोठं वाटत होतं. तिने पुस्तक समोर ठेवलं आणि थेट माझ्याकडे पाहून म्हणाली, "डिंक्या, हे तू माझ्यासाठी निवडलंस?"

त्या एका वाक्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच होतं.

मी हो म्हणालो. ती बोलू लागली. वडिलांच्या दुकानाबद्दल, काचेत उजेड कसा वाकतो त्याबद्दल. सुंदर बोलत होती. बोलता बोलता तिने हात वर केला, बोटांत काच धरल्यासारखा, आणि म्हणाली, "अजून एक जण यायचा आहे." मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. थांबली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. हात खाली आला.

मग तिने पुन्हा सुरुवात केली. वडिलांचं दुकान. काच. उजेड. हात वर. अजून एक जण यायचा आहे. खुर्ची.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा पाहुण्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावं तसं. "मोजलं होतंस ना?" त्याने विचारलं.

त्याने हात टेबलावर ठेवले होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, दुसऱ्या पेरापाशी, बारीक खाच होती. दोरा ओढून ओढून पडते ती. माझ्याही बोटावर आहे.

तो उठला, तपकिरी कागदाची घडी खिशात घातली आणि जिना उतरून गेला. पावलांचा आवाज चारच पायऱ्यांचा आला. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत.

९

तिला मी दुकानापर्यंत सोडलं. ती चालत आली, किल्ली लावली, शटर अर्धं वर केलं आणि ट्रेसमोर बसली. शेजारी गिऱ्हाइकाची खुर्ची होती. तिने एक काच उचलली, पुसली, उजेडाकडे धरली. बोलली. दाराकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

काका खूश होते. बाई खूश होत्या. त्यांची सोळाच्या सोळा पानं त्यांच्यापाशी होती. ही दर खेपेला वाट पाहायची, आणि दर खेपेला कुणी यायचं नाही, कारण जो यायचा तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. काच ती ट्रेमध्ये परत ठेवायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

मी पळत खोलीत आलो. विहिरीचं पुस्तक मोजलं. शिवलेला फॉर्मा त्यात नव्हता. माझा दोरा नव्हता, माझी गाठ नव्हती. ड्रॉवर उघडला. चार पानं तिथेच होती. मी ती खिडकीपाशी नेऊन पहिल्यांदा पूर्ण वाचली.

तो आला, आणि तिने आपली खुर्ची सरकवून त्याला शेजारी जागा दिली. शटरखालून येताना त्याला मान वाकवावी लागली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. नखांत वाळलेली खळ होती. कॉलरला बहिणीने लावलेलं ठिगळ. खिशात एक बटण.

मी खाली बसलो. ज्याच्यावर मी इतका जळलो, ज्याला मी तिच्या शेजारून उचकटून काढलं, तो मीच होतो. माझ्यासाठीही लिहिलं होतं. चार पानं. काका-बाईंइतकी नाहीत, पण मधली.

त्या संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. तिने पानं हातात घेतली, उलटून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, कोरी आहेत रे. मग माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "उद्या कामावर जाऊ नकोस."

१०

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. आंघोळ केली, ठिगळाचाच शर्ट घातला, पानं छातीच्या खिशात ठेवली आणि तिच्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली होतं. मी सरळ चालत आत गेलो. मान वाकवावी लागली नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिने काच उजेडाकडे धरली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "अजून एक जण यायचा आहे," ती म्हणाली. आवाज बसला होता.

मी खुर्चीत बसलो. बसताना खिशात कागद कुरकुरला. मग कुरकुरला नाही.

तिने आपली खुर्ची सरकवली. तिचा चेहरा असा सुटला, जसा दाबातून काढल्यावर कागद सुटतो. ती बोलू लागली, माझ्याशी, घाई न करता. काच घासताना डोळे मिटून बोटांनी कसं समजतं, ते तिने मला सांगितलं. मला वाटलं, झालं. आता मला काही नको.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाताशी होता. हात तेवढे हलतात. ताई काचेबाहेर उभी आहे, कधीपासून ते माहीत नाही. काचेवर तळहात मारते आहे. मला उठायला सांगत असणार. तिला कुणीतरी समजावून सांगा की मला कुठे दुखत नाही, खुपत नाही.

एकच गोष्ट आहे. चष्मेवाली माझ्याकडे पाहून बोलते, पण डोळ्यांत पाहत नाही. चार बोटं वर पाहते. आधी वाटलं, लाजते. मग शटर आठवलं.

पानांतल्या माणसाला मान वाकवावी लागली होती. नखं माझी, कॉलर माझी, बटण माझं. पण तो माझ्याहून चार बोटं उंच आहे. ती त्याच्याशी बोलते आहे. त्याचा चेहरा जिथे असायला हवा तिथे पाहून ती हसते. मी इतका जवळ आहे की तिचा श्वास लागतो, आणि मला मान वर करून त्याच्याकडे बघताही येत नाही.